कोंडुरा

कोंडुरा : चिंतामण त्र्यंबक खानोलकर (८ मार्च १९३०–२६ एप्रिल १९७६) यांची मराठी कादंबरी (१९६६). ‘आरती प्रभू’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या खानोलकरांची ही ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) व ‘अजगर’ (१९६५) यांनंतरची महत्त्वाची कादंबरी. वेंगुर्ले तालुक्यात याच नावाचा किनारा आहे.

कथानक : घरच्यांशी खटका उडून बाहेर पडलेल्या परशुरामतात्या या निपुत्रिक ब्राह्मणाला कोंडुऱ्यावर सिद्धी प्राप्त होते. ब्रह्मचर्याचे बंधन आणि गर्भपात घडविणारी एक मुळी तिच्यासोबत येते. गाव त्याला सत्पुरुष मानू लागतो. पुढे मातब्बर घरातील सुनेच्या गर्भाविषयी त्याच्या मनात संशय उत्पन्न होतो. त्या संशयालाच तो दैवी संकेत समजतो. अनर्थ ओढवतो, आणि शेवटी त्याचे स्वतःचे घरही उद्ध्वस्त होते.

लोकश्रद्धेची पार्श्वभूमी : दक्षिण कोकणातील ग्रामदेवतांच्या व्यवस्थेत दैवी वाणीचा अधिकार बहुधा घराण्यांकडे असतो. तरंगकाठी (देवतेचे प्रतीक असलेली काठी) धरणे, देवाला गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे (देवाची अनुमती विचारणे) ही कामे मानकऱ्यांकडे वंशपरंपरेने येतात. संचार झालेल्या व्यक्तीस ‘अवसर’ आला असे म्हणतात. देशावर दैवी वाणी सांगण्याचे काम देवऋषी करतो.  वारशाने आलेल्या अधिकाराला मानपान, रूढी आणि गावकीचे नियंत्रण असते. परशुरामतात्याला सिद्धी मिळते ती या चौकटीबाहेर. त्याचा शब्द पारखून घेणारे कोणी उरत नाही आणि परक्या घरातील झाकलेली गोष्ट ओळखल्याचा त्याचा दावा बिनविरोध मान्य होतो. कादंबरीतील शोकांतिकेचे मूळ सिद्धीच्या खरेखोटेपणापेक्षा या निरंकुशतेत अधिक आहे. कादंबरीकडे केवळ गूढकथा म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

सिद्धी खरी की तात्याच्या दडपलेल्या वासनेचा व अपत्यहीनतेच्या दुःखाचा तो भास, याबाबत दोन्ही प्रकारची वाचने शक्य आहेत. लेखकाने निर्णय दिलेला नाही.

चित्रपट : श्याम बेनेगल यांनी या कादंबरीवर १९७८ मध्ये हिंदीत ‘कोंडुरा’ व तेलुगूत ‘अनुग्रहम्’ असे चित्रपट केले. पटकथालेखनात गिरीश कार्नाड यांचा सहभाग होता. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, तर संगीत वनराज भाटिया यांचे आहे. नायकाची भूमिका अनंत नाग यांनी, त्याच्या पत्नीची वाणिश्री यांनी केली. जिच्या गर्भाविषयी संशय घेतला जातो त्या सुनेच्या भूमिकेत स्मिता पाटील, तर नायकाला सिद्धी देणाऱ्या कोंडुरा महाराजांच्या भूमिकेत अमरीश पुरी होते. कथेचे स्थळ कोकणातून आंध्र प्रदेशात हलविण्यात आले. त्यामुळे जमीनदारी सत्तेचा संदर्भ ठळक झाला. मात्र कोकणातील देवस्की (ग्रामदेवतांशी निगडित रूढी) व कादंबरीच्या भाषेचा पोत नाहीसा झाला. खानोलकरांच्या ‘चानी’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी १९७७ मध्ये चित्रपट काढला होता. हे सर्व चित्रपट लेखकाच्या निधनानंतरचे होत.

भाषा : निवेदन प्रमाण मराठीत, काव्यात्म व प्रतिमाप्रधान.

मूल्यमापन : नियती, पाप आणि अतर्क्य शक्ती ही खानोलकरांच्या लेखनाची कायमची सूत्रे येथे एकत्र येतात. प्रतीकांचा सोस काही ठिकाणी कथानकाला जड होतो. तथापि श्रद्धा आणि संशय एकाच माणसाच्या मनात कसे एकरूप होतात, याचे इतके निर्दय चित्रण मराठी कादंबरीत विरळ आहे. खानोलकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर, १९७८ मध्ये मिळाला. तो मात्र ‘नक्षत्रांचे देणे’ या काव्यसंग्रहासाठी होता.