काळा कातळ आणि भोकांचा दगड

पुण्याचा दगड कोणता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: काळा. शाळेच्या भूगोलानं त्याला बेसॉल्ट हे नाव दिलं आणि आपला विषय संपला. पण विहीर खणणाऱ्यांचा संपला नव्हता. त्यांच्या बोलीत ‘काळा पाषाण’ वेगळा आणि ‘मांजऱ्या’ वेगळा. आमच्या बिबवेवाडीत नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणतात, तेव्हा त्याच्या भिंतीतही हे दोन दगड एकमेकांवर बसलेले दिसू शकतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, तरी अशा खड्ड्यापाशी हटकून थांबतो.

दोन्ही दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचेच. जिथे लाव्हा जाड थरानं साचून सावकाश निवला, तिथे घट्ट, बारीक कणांचा काळा पाषाण तयार झाला. जिथे तो पातळ जिभांनी पसरून लवकर निवला, तिथे वायूचे बुडबुडे आतच अडकले. पुढे त्या पोकळ्यांत कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट अशी खनिजं भरली, आणि करड्या-तांबूस दगडावर पांढरे ठिपके आले. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना हवं असतं. तेही असल्याच पोकळ्यांतून निघालेलं.

कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरला, आणि पुढच्या दशकात त्यानं इथल्या भूगर्भावर लिहिलं. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला. सह्याद्रीला पायऱ्या पडल्या त्याही या जोडगोळीमुळेच. काळा पाषाण झिजता झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. पोकळ्यांचा दगड लवकर झिजतो, त्याचा उतार किंवा माची होते. आपल्या गिरिदुर्गांची अर्धी तटबंदी या कड्यांनी फुकटात करून दिली. माणसांनी बुरूज बांधले ते बहुतेक कडा जिथे तुटतो तिथे.

मग बांधकामाला चांगला दगड कोणता? भिंतीसाठी, जोत्यासाठी, रस्त्याच्या खडीसाठी अर्थातच काळा पाषाण. पोकळ्यांचा दगड उघडा पडून ऊन-पावसात भिजत-सुकत राहिला की भुगा होऊ लागतो. पण पश्चिम भारतातली बरीच लेणी याच दुबळ्या दिसणाऱ्या दगडात कोरलेली आहेत. कारण काळा पाषाण निवताना आकसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब हे या भेगांचंच टोकाचं रूप. भेगाळ कातळात मोठं दालन कोरलं तर छत कधी खाली येईल सांगता येत नाही. पोकळ्यांच्या दगडात भेगा कमी, आणि छिन्नीही सहज चालते. लेणी कोरणाऱ्यांना ‘मजबूत’ आणि ‘अखंड’ यांतला फरक नीट कळत होता, असं म्हणायला हरकत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आपला अंदाज पुरता उलटा पडतो. भोकं दिसतात म्हणून पोकळ्यांचा दगड गळका वाटतो. पण ताज्या खडकातली ही भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, शिवाय पुष्कळशी खनिजांनी भरलेली. पाणी त्यातून जवळजवळ पुढे जात नाही. पाणी जातं ते टणक काळ्या पाषाणातल्या भेगांतून, किंवा कुजून मुरूम झालेल्या वरच्या थरातून. म्हणूनच धरणाचा पाया तपासताना दगड किती कठीण आहे एवढं पाहून भागत नाही. त्याला भेगा किती आहेत, हे पाहावं लागतं.

अशा जमिनीवर पेठा वाढत गेल्या, तेव्हा नुसत्या आडांवर शहराचं भागणं अवघड होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून, झाकलेल्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि शहरात जागोजागी हौद बांधले. ही वाट आमच्या शेजारून, धनकवडी-पद्मावतीकडून जाते. खालच्या कातळाकडून फार अपेक्षा न ठेवता वर पडणारं पाणी अडवायचं, हा त्यामागचा सरळ हिशेब.

आज तो हिशेब उलटा झाला आहे. आमच्या सोसायटीतल्या दोन बोअरना मार्चनंतर पाणी नसतं, आणि आता तिसरी घ्यायचं घाटतंय, आणखी खोल. “खाली गेलं की लागतंच,” असं एक ज्येष्ठ काका सभेत म्हणाले. पण खाली पुन्हा हेच दोन दगड आहेत, थरावर थर. भेग लागली तर पाणी, नाही तर पैसे भरून काढलेली कोरडी भुकटी. आणि लागलेल्या भेगेतलं पाणी तरी वरच्या मुरमातूनच झिरपलेलं असणार. तोच मुरूम आपण दोन-तीन मजली तळघरांसाठी खणून ट्रकनं बाहेर पाठवतो आणि उरलेल्यावर काँक्रीट ओततो.

तिसरी बोअर घेण्याआधी भूजलतज्ज्ञाला बोलावून भेगाळ थर कुठे आहे ते पाहावं, आणि गच्चीवरचं पाणी त्यात सोडावं, असं पत्र मी समितीला दिलंय. खर्च बोअरपेक्षा कमी येतो की जास्त, यावर पुढच्या सभेत वाद होईल. होऊ दे. निदान तो वाद ‘काळा दगड’ या एका शब्दावर संपू नये.