लेखणी कीं शिसपेन्सिल?



मागल्या महिन्यांत आमच्या वणीच्या पेठेंतील एका वह्या-पुस्तकांच्या दुकानांत मी बसलों होतों. नोकरीच्या परीक्षेस निघालेला एक तरुण तेथें आला. मला पाहतांच नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, परीक्षेला पेन नेऊं कीं पेन्सिल?" ज्याचें आयुष्य शाळेंत खडू झिजविण्यांत गेलें, त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटावयास हवा होता. मला तो तसा वाटला नाहीं. त्याचें कारण भाषणाच्या शेवटीं सांगेन; आधीं या साध्या प्रश्नामागें केवढा इतिहास उभा आहे तें पाहूं.

वणी हें सप्तशृंगीच्या परिसरांतील गांव म्हणून आपणां सर्वांस ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस तें आणखी एका कारणानें ठाऊक आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा, म्हणजे इ. स. ८०७-०८ च्या सुमाराचा, ताम्रपट या गांवीं सांपडला. नाशिक देशांतील एक गांव दान दिल्याचा तो लेख आहे. हें दान एखाद्या पानावर शाईनें लिहितां आलें असतें. तें तांब्यावर कां कोरविलें? लिहविणाऱ्या राजाला कधींहि न पाहिलेला कोणी मनुष्य शंभर-दोनशें वर्षांनीं तो लेख वाचणार होता, म्हणून. वाचणारा अनोळखी असला कीं अक्षर पुसतां न येणारें असावें लागतें. माझ्या मतें लेखणी कीं पेन्सिल या वादाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेंत हा विवेक आपोआप पाळला जाई. लहान मूल धूळपाटीवर बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवी. चुकलें तर हात फिरवी, धूळ पुन्हा कोरी होई. पुढें हात बसला म्हणजे बोरू, दौत आणि कागद मिळे. धूळपाटी शिकणाऱ्याची स्वतःची होती. कागद दुसऱ्यासाठीं होता. मराठेशाहींतील मोडी पत्रें पाहा. बोरू फारसा न उचलतां ओळीमागून ओळ लिहीत जावयाचें, शाई वाळण्यासाठीं वर वाळू टाकावयाची, आणि मजकूर संपला कीं त्याच्या शेवटीं शिक्का उमटवावयाचा. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा असे. पेशवाईंतील कागदांवर 'लेखनसीमा' असे शिक्के आढळतात. लेख येथें संपला, यापुढें कोणीं कांहीं वाढवूं नये, हा त्यांचा अर्थ. उत्तरपत्रिकेंतील उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारावयास आम्ही मुलांस सांगत असूं, तेव्हां मला नेहमीं या मुद्रांची आठवण होई.

नोकरीसाठीं लेखी परीक्षा ही पद्धत आपल्याकडे इंग्रजी अमलांत रुजली. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठीं खुली स्पर्धापरीक्षा १८५५ सालीं लंडनमध्यें सुरू झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, १८५९ सालीं झाली. आमच्याच जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्यासमवेत रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांतहि ते दोघे होते. तोंडी परीक्षेंत गुरु शिष्याला ओळखत असे. नव्या परीक्षेंत उमेदवार हा एक क्रमांक झाला, आणि त्याचा कागद त्यास न ओळखणाऱ्या परीक्षकाच्या हातीं जाऊं लागला. ताम्रपटाचीच गोष्ट पुन्हा आली: वाचणारा अनोळखी, म्हणून अक्षर पक्कें. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत होणाऱ्या पोलादी निबाच्या टाकांचें तें युग होतें. उत्तर शाईनें लिहावयाचें आणि आकृति तेवढी पेन्सिलीनें काढावयाची, हा दंडक पडला. भूमितीच्या प्रश्नपत्रिकेंत तो अजूनहि पाळला जातो.

आतां पेन्सिलीची कुळकथा. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तरेस बॉरोडेल येथें एका काळ्या, मऊ खनिजाची खाण सांपडली. लोकांना तें एक प्रकारचें शिसें वाटलें. तो कार्बनचाच एक प्रकार आहे हें शील या रसायनशास्त्रज्ञानें १७७९ सालीं दाखविलें. परंतु तोंवर चुकीचें नांव रूढ झालें होतें, आणि आपणहि आजतागायत 'शिसपेन्सिल' म्हणतों. १७९५ सालीं कोंते या फ्रेंच गृहस्थानें ग्रॅफाइटच्या भुकटींत चिकणमाती मिसळून कांडी भाजण्याची कृति शोधली. माती अधिक तर कांडी कठीण आणि रेघ फिकट. माती कमी तर रेघ मऊ आणि काळी. या दोहोंच्या मध्यें बसते ती एच्. बी. पेन्सिल. रबरानें तिचें लिखाण खोडतां येतें ही गोष्ट प्रीस्टले यानें १७७० सालीं नमूद केली; त्यापूर्वीं पावाच्या तुकड्यानें पुशीत असत. सारांश, पेन्सिल चुकण्याची मुभा देते. ती आपल्या धूळपाटीची बहीण होय.

एका धंद्याच्या परीक्षेंत मात्र पेन्सिलीला मानाचें स्थान आहे. ती परीक्षा लघुलेखनाची. पिटमन यानें १८३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लिपींत रेघ बारीक कीं जाड यावरून उच्चार बदलतो. त्यासाठीं लवचिक निब तरी हवा, नाहींतर चांगली पेन्सिल. परंतु येथेंहि आपला नियम मोडत नाहीं. लघुलिपींतील टिपण लेखकानें स्वतःसाठीं घेतलेलें असतें. इतरांनीं वाचावयाची प्रत तो त्यावरून निराळी तयार करतो.

इकडे लेखणीहि बदलत होती. वॉटरमन यानें १८८४ सालीं झरणीचें पेटंट घेतलें, आणि दौत बरोबर नेण्याचा त्रास हळूहळू संपला. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईचा व्यवसाय सुरू केला. त्यांची उंटाच्या छापाची शाई पुढें घरोघरीं पोहोंचली. मी स्वतः मॅट्रिकची आणि नंतर शिक्षकाच्या पदविकेची परीक्षा झरणीनेंच दिली. बॉलपेनानें अक्षर बिघडतें, अशी आमच्या गुरुजींची पक्की समजूत होती. खिशाला पडलेला निळा डाग हें तेव्हां परीक्षार्थ्याचें लक्षण असे.

मग परीक्षेंत पेन्सिलीनें खुणा करण्याची रीत आली कोठून? तिचें श्रेय एका शाळामास्तराकडे जातें. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत रेनॉल्ड जॉन्सन नांवाचे एक विज्ञानशिक्षक होते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, हें त्यांनीं हेरलें. उत्तराच्या जागीं पेन्सिलीची गडद खूण असेल तर यंत्रांतील प्रवाह पूर्ण होईल आणि यंत्रच गुण मोजील, ही त्यांची कल्पना. आय. बी. एम्. कंपनीनें त्यांना नोकरीस घेतलें, आणि १९३८ सालीं तें यंत्र बाजारांत आणलें. शाईची खूण त्या यंत्राला कळत नसे. परीक्षक बदलला, म्हणून साधन बदललें.

योगायोग असा कीं, त्याच १९३८ सालीं बीरो या हंगेरियन पत्रकारानें आपल्या बॉलपेनाचें पेटंट घेतलें. पुढें विजेऐवजीं प्रकाशानें खुणा टिपणारीं यंत्रें निघालीं. त्यांना कागदावरचा काळेपणा पुरतो. तो ग्रॅफाइटचा आहे कीं शाईचा, याची त्यांना फिकीर नाहीं. आपल्याकडे संघ लोकसेवा आयोगानें १९७९ सालीं सनदी सेवांची पूर्वपरीक्षा सुरू केली. अशा वस्तुनिष्ठ परीक्षांत अनेक वर्षें एच्. बी. पेन्सिलच चाले. आज आयोगाच्या पूर्वपरीक्षेंत उत्तराचें वर्तुळ काळ्या बॉलपेनानेंच भरावें लागतें. पेन्सिलीची खूण मागाहून कोणालाहि खोडतां येते, ही तिच्याविषयींची जुनी शंका आहे. यंत्राची अडचण संपतांच पुसतां न येणाऱ्या अक्षराचा नियम परत आला. पेन्सिलीचें राज्य हा यंत्राच्या बाल्यावस्थेंतील एक मधला काळ होता.

आतां सुरुवातीस राखून ठेवलेली गोष्ट सांगतों. डोंगराकडील एका पाड्यावरचा माझा एक हुशार विद्यार्थी शिक्षकाच्या नोकरीसाठीं लागणाऱ्या परीक्षेस बसला होता. जाण्यापूर्वीं तो माझ्या पायां पडावयास आला. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "बाळ, आधीं सगळीं उत्तरें पेन्सिलीनें हलकीं खूण करून ठेव. मग शांतपणें पेन फिरव." माझ्या काळच्या कच्च्या कामाची ती सवय. त्यानें गुरूचा शब्द पाळला. घंटा झाली तेव्हां अठरा वर्तुळांवर पेन फिरावयाचें राहिलें होतें. उत्तीर्ण होण्यास त्याला चार गुण कमी पडले. पुढील संधि मिळेपर्यंत दोन वर्षें तो द्राक्षबागेंत मजुरीस जात होता. आज तो शिक्षक आहे, आणि भेटला कीं त्याच आदरानें वांकतो. त्यानें मला कधीं एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. परंतु त्याचीं तीं दोन वर्षें माझ्या खात्यावर मांडलेलीं आहेत, आणि तीं खोडण्यास कोणतेंहि रबर उपयोगी नाहीं.

म्हणून त्या दिवशीं दुकानांतल्या तरुणाला मीं आधीं त्याचें प्रवेशपत्र मागितलें. त्यावरील सूचना दोघांनीं मिळून वाचल्या. मग त्याला म्हणालों, "दोन काळीं बॉलपेनें घे. आजच कागदावर चालवून पाहा. एक प्रश्न सुटला कीं त्याचें वर्तुळ तेव्हांच भर. पेन्सिल घरीं ठेव. अभ्यास करतांना तिच्यासारखा सोबती नाहीं."

अलीकडे पुष्कळ परीक्षा संगणकावर होतात. तेथें लेखणीहि नाहीं आणि पेन्सिलहि नाहीं. तरीहि कच्च्या कामासाठीं कोरा कागद देतात, आणि पूर्ण झालेली परीक्षा एकदां सादर केली कीं ती परत घेतां येत नाहीं. धूळपाटी आणि ताम्रपट हा भेद तेथेंहि आहे. घरीं वाटेल तितकें खोडावें; परंतु जें अनोळखी माणसाच्या हातीं द्यावयाचें, तें पक्कें करूनच द्यावें. कोणाला सल्ला देतांनाहि हेंच ध्यानांत ठेवावें, एवढें मी फार उशिरा शिकलों.