परसातला मका आणि त्याची रीत

अलिबागपासून मुरूडपर्यंत आपल्या वाड्यांत आणि परसांत जे काही पिकते, त्यातले मूळचे आपले किती, असा प्रश्न कधी मनात आला आहे काय? मिरची, पेरू, पपई, अननस, काजू, ही सारी पाहुणी मंडळी अमेरिका खंडातली. मकाही त्यांतलाच.

१४९२ साली कोलंबसाच्या माणसांनी क्यूबा बेटावर मका पाहिला. पुढे स्पेन आणि पोर्तुगालच्या गलबतांबरोबर तो जगभर गेला. आपल्या चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला उभारावयास घेतला. १७४० साली तो मराठ्यांच्या स्वाधीन झाला. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली आजही ऐकू येते. नवी झाडे आपल्या किनाऱ्याला लागली ती अशाच बंदरांतून.

बी आले खरे, पण त्याची रीत मागे राहिली. मेक्सिकोतील लोकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका घडविला. पुढे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळण्याची चाल त्यांनी पाडली. युरोपातल्या गरिबांनी मात्र नुसत्या मक्यावर पोट भरले. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने त्यांच्यात कातडी सोलवटणारा एक रोग नोंदविला. तोच पेलाग्रा. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या संस्काराने मोकळे होऊन अंगी लागते, हे उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. चार कणसे भाजून खाणाऱ्याला ही भीती नाही बरे, पण धडा घेण्याजोगा आहे.

लागवडीतही तोच धडा. स्वीटकॉर्न, म्हणजे गोड मका, उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोकांनी जपला होता. १७७९ साली तो गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती पडला. हे लोक मका एका ओळीत लावीत नसत. जवळजवळ आळी करून प्रत्येकात चार-पाच दाणे टाकीत, ताटांवर घेवड्याचा वेल चढवीत आणि खाली भोपळा पसरू देत. घेवडा जमिनीला नत्र देई, भोपळा तण दाबी.

आपण काय करतो? कुंपणाकडेने एकच ओळ लावतो, आणि कणीस सोलले की निम्मे बोडके! कारण सोपे आहे. शेंड्याच्या तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडून कणसाच्या केसांवर पडावे लागतात. एक केस, एक दाणा. ओळ एकच असली की वारा पराग भलतीकडेच नेतो. म्हणून परसात मका चौकोनात लावावा: चार ओळी, दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत नऊ इंच. कुजलेले शेणखत भरपूर घालावे. आपल्याकडच्या धो धो पावसात मुळाशी पाणी साचले की रोप पिवळे पडते. तेव्हा पावसाळ्यात उंच गादीवाफा करावा, नाहीतर भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर पीक घ्यावे. शेजारी साधा मका एकाच वेळी फुलू देऊ नये. त्याचे पराग पडले की गोड जातीचे दाणे पिठूळ होतात.

रोपाच्या पोंग्यात रोज डोकवावे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात आढळली, आणि ती तिथेच दडून बसते. दिसली की वेचून मारावी.

केस आल्यापासून सुमारे वीस दिवसांनी ते तपकिरी होतात. दाण्यात नख रुतवा. दुधासारखा रस आला की कणीस काढा आणि त्याच दिवशी खा. उशीर केलात की साखरेचे पीठ होत जाते.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या बागेत एक वाफा चौकोनी आणि एक एकेरी ओळीचा, असे दोन्ही करा, आणि कणसांवरचे दाणे मुलांकडून मोजून घ्या. हजारो वर्षांचे शहाणपण मुलांना पुस्तकाआधी हातांनी कळेल.