स्वतंत्रपूर खुली वसाहत

सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची शिक्षाधीन बंद्यांची शेतवसाहत. कवठे महांकाळ, जत आणि आटपाडी हा जिल्ह्याचा पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्टा. त्यातला आटपाडीचा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. वसाहतीची स्थापना १९३९ ची. जन्मठेपेसारखी लांब शिक्षा भोगणारे निवडक बंदी येथे बायकामुलांसह राहतात आणि शेतात राबतात. भोवती तुरुंगाची भिंत नाही.

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी म. गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रामराज्याच्या याच प्रयोगातून, मुख्यतः फ्रिडमन यांच्या आग्रहाने, स्वतंत्रपूर उभे राहिले. गुन्हेगारांवर विश्वास टाकण्याची कल्पना संस्थानाला अगदीच परकी नसावी. औंधच्याच हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गुन्हेगार म्हणून बदनाम झालेल्यांना राखणदारीवर नेमले होते. कारखान्याच्या किल्ल्या अशा हातांत देणे हे त्या काळी धाडसच. १९४८ साली औंध विलीन झाले, तरी वसाहत टिकली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

येथे थेट शिक्षा होऊन कोणी येत नाही. बंद तुरुंगातली वर्तणूक पाहून निवड होते. माणसे थोडी, म्हणून नजर ठेवणे सोपे, असे म्हणता येईल. पण खरी राखण कुटुंबच करते. पळून जाणाऱ्याला घरदार मागे टाकून जावे लागेल. सांगलीचा तुरुंग मराठी माणसाला वसंतदादा पाटलांच्या १९४३ च्या पलायनासाठी आठवतो. त्याच जिल्ह्यातील या तुरुंगाची ख्याती नेमकी उलट आहे.

देशभर हा प्रयोग पोहोचला तो व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर याच माणदेशातले. बर्लिन महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. सहा खुनी आणि जेलर यांच्या भावनाट्यात एक व्यावहारिक प्रसंग सहसा झाकला जातो: बंदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात रास्त भावाने विकू लागतात, तेव्हा तेथील व्यापारी त्यांच्या अंगावर येतात. पीक काढणे एक, बाजारात पाय रोवणे दुसरे, हे पटकथेने नेमके हेरले.

स्वतंत्रपूरचे वेगळेपण क्रमात आहे. इतरत्र पुनर्वसनाचा विचार बहुधा सुटकेनंतर सुरू होतो. येथे घर, मिळकत आणि शेजार शिक्षेच्या काळातच जुळतात. मात्र शिक्षा संपली की ते घर आणि ती शेती दोन्ही सोडावी लागतात, आणि गावी जमीन वा भांडवल नसलेला माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ही उणीव बंद्यांसाठीच्या कर्जानेही भरून निघत नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या साहाय्याने २०२२ मध्ये येरवडा तुरुंगात सुरू झालेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. त्याची फेड तुरुंगातील मजुरीतून होते. म्हणजे आधार शिक्षेच्या काळात घरच्यांना मिळतो, सुटून आलेल्याच्या धंद्याला नव्हे.