केस, ग्रंथी आणि एक लहानशी गोळी

बेळगावला लागून असलेले शहापूर एके काळी सांगली संस्थानाच्या अंमलाखाली होते. विणकरांचे माग, सराफांच्या पेढ्या आणि शहापुरी साड्या यांमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. याच शहापुरात १९३३ साली स्थापन झालेले कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथे चरक-सुश्रुतांच्या संहिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दोन व्याधींची ओळख वेगवेगळ्या प्रकरणांतून होते. डोक्यावरचे केस कायमचे जाणे म्हणजे खालित्य. आणि गुद व बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी कठीण गाठ होऊन मूत्र अडणे म्हणजे वाताष्ठीला. ही वाताष्ठीला म्हणजेच आजच्या डॉक्टरांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, असे पुष्कळ वैद्य मानतात. हे समीकरण ओढूनताणून शंभर टक्के जुळविण्याचे कारण नाही. तथापि उतारवयातील पुरुषाचे हे दुखणे प्राचीनांच्या नजरेतून सुटले नव्हते, एवढे निश्चित.

या दोन व्याधींचे मूळ एकाच ठिकाणी असेल, अशी शंका मात्र फार काळ कोणाला आली नाही. बालपणीच वृषण काढलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाही, हे ग्रीक लोकांस ठाऊक होते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या जुन्या समजुतीची कसोटी घेतली. वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्यांचे केस शाबूत राहतात. परंतु त्यांना पुरुष-संप्रेरक टोचले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात, असे त्यास आढळले. म्हणजे टक्कल पडण्यास वाडवडिलांचा वारसा आणि संप्रेरक, दोहोंची जोड लागते. प्रोस्टेट ग्रंथीही याच संप्रेरकावर पोसते. पण वृषण काढणे हा काही टकलावरचा उपाय नव्हे!

ग्रंथीपुरता शस्त्राचा मार्ग तेवढा उपलब्ध होता. त्या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानातून जातो. पीटर फ्रायर हा आयरिश शल्यचिकित्सक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षे होता आणि मूतखडे फोडण्यात त्याचा हातखंडा होता. लंडनला परतल्यावर, १९०० साली, ओटीपोटातून बस्ती उघडून वाढलेली ग्रंथी संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया त्याने सुरू केली व ती त्याच्या नावाने प्रसिद्ध झाली.

औषधाचा मार्ग मात्र एका अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन रिपब्लिक देशात सालिनास नावाचे एक आडबाजूचे खेडे आहे. तेथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढविली जात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी एक खास शब्दच बनविला होता. ज्यांच्या देहावरून गावात असे नाव पडते, त्यांचे बालपण कसे गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. जुलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या अमेरिकन डॉक्टर स्त्रीने आपल्या सहकाऱ्यांसह या कुटुंबांचा अभ्यास करून १९७४ साली त्याचे कारण प्रसिद्ध केले. शरीरातील टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर संप्रेरकात करणारे एक विकर या मुलांत वंशपरंपरेने उणे होते. या लोकांत आणखी एक गोष्ट आढळली. प्रौढपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे हटत नसत.

ही हकिगत मर्क या औषध कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख रॉय वॅगेलॉस यांच्या वाचनात आली. निसर्गाने जे विकर उणे ठेवले, तेच औषधाने रोखता आले तर? बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर फिनास्टेराइड तयार झाले. १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी ग्रंथीवर व १९९७ च्या डिसेंबरात १ मिलिग्रॅमची गोळी टकलावर अमेरिकेत मान्य झाली. हिंदुस्थानात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर बनविण्याच्या रीतीवरच हक्क दिला होता. त्यामुळे सिप्लासारख्या मुंबईच्या कारखान्यांनी हीच औषधे आपल्या नावांनी स्वस्तात आणली.

ग्रंथीच्या बाबतीत औषधाने आपली किंमत सिद्ध केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ३,०४० पुरुषांवरील चार वर्षांच्या प्रयोगात एकाएकी लघवी तुंबण्याचे व शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रसंग निम्म्याहूनही कमी झाले. मात्र ग्रंथी आकसण्यास कित्येक महिने लागतात. लाजेपोटी रात्रीचे चार-चार वेळा उठणे घरच्यांपासून लपविणारा म्हातारा डॉक्टरांकडे उशिरा जातो, आणि मग गोळीपेक्षा नळीच त्याच्या वाट्यास येते.

केसांचा व्यवहार निराळा. गोळी सुरू आहे तोवर गुण टिकतो. ती सोडली की वर्षभरात कमाई ओसरते. काहींस कामेच्छा मंदावण्याचा त्रास होतो; गोळी बंद केल्यावरही तो राहिल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून २०१२ साली अमेरिकेत औषधासोबतच्या माहितीत तशी नोंद घालण्यात आली. आत्मघाताचे विचार हाही या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध-नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये मान्य केले. गर्भवतीने फुटलेल्या गोळीस स्पर्शही करू नये, कारण पोटात मुलगा असल्यास त्याच्या अवयवांची घडण बिघडू शकते. सालिनासच्या मुलांत जे घडले, तेच. शिवाय ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. लग्नाच्या बोलण्यांपूर्वी केसांसाठी सुरू केलेली गोळी पन्नाशीनंतरही चालू असेल आणि डॉक्टरांस ते सांगितले नसेल, तर कर्करोगाची खूण दाखविणारा तो आकडा निर्धोक वाटतो, आणि तपासणी तेथेच थांबते.