दवाखाना कोणाचा? मीरा-भाईंदरच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण शहरांच्या पाण्याचा इतिहास पाहिला. आज आरोग्याकडे वळू. प्रश्न अगदी साधा आहे. गल्लीत तापाची साथ आली, तर जाब कोणाला विचारायचा? नगरसेवकाला, आयुक्तांना की मंत्रालयाला?

थोडं मागे जाऊ. 1882 मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि गावचं आरोग्य गावच्या लोकांनी पाहावं, ही कल्पना सरकारी कागदावर आली. पण 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा झाली. मार्च 1897 मध्ये सरकारने प्लेगचं काम महापालिकेकडून काढून ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे दिलं. घरझडत्या झाल्या, माणसांना उचलून नेलं गेलं आणि लोक रुग्ण लपवू लागले. पुढे ज्ञातीज्ञातींनी आपापली रुग्णालयं काढली, तेव्हा कुठे लोक उपचाराला येऊ लागले. आपल्याला यातून काय दिसतं? आरोग्याचं काम विश्वासावर चालतं, आणि विश्वास ओळखीच्या माणसावर बसतो.

आता मीरा-भाईंदरकडे या. मिठागरं, भातशेती आणि मासेमारीची ही गावं. ग्रामपंचायती होत्या तोवर आरोग्याचा कारभार ठाणे जिल्हा परिषदेकडे होता. 12 जून 1985 रोजी मीरा, भाईंदर, नवघर, घोडबंदर अशा ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावं नंतर तिच्यात आली. 28 फेब्रुवारी 2002 रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. म्हणजे अवघ्या सतरा वर्षांत त्याच माणसाच्या आरोग्याची जबाबदारी जिल्हा परिषदेकडून नगरपरिषदेकडे आणि तिथून महापालिकेकडे आली. पाटी बदलली की कर्तव्यांची यादीही वाढते. महापालिका अधिनियमात तर सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने हे बंधनकारक कर्तव्य आहे.

मधल्या काळात 74वी घटनादुरुस्ती झाली. ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत आणि त्यांत सार्वजनिक आरोग्यही आहे. पण ते नगरपालिकेला किती द्यायचं, हे राज्याने ठरवायचं. इथेच खरी गोम आहे.

दरम्यान माणसं काही थांबली नव्हती. 2001 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 5,20,388 होती, 2011 मध्ये ती 8,09,378 झाली. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. त्याचा निकष साधारण 50 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. 2011 च्या आकड्याने हिशोब केला, तर सोळा केंद्रं लागतात. निकष दिल्लीत ठरतो, निधी दिल्लीहून मुंबईमार्गे येतो, आणि जागा, डॉक्टर, परिचारिका, आशा ताई जमवायच्या महापालिकेने!

आणि महापालिकेचा स्वतःचा पैसा? महाराष्ट्रातल्या महापालिकांची जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. आता भरपाईची रक्कम राज्याकडून येते. जबाबदारी खाली आली आणि तिजोरीची किल्ली मात्र वर गेली.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण भाईंदर पश्चिमेला उभं आहे. भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. लोक त्याला टेंभा रुग्णालय म्हणतात. महापालिकेने ते उभारलं, पण चालवणं जड गेलं आणि शेवटी ते राज्याच्या आरोग्य विभागाकडे गेलं. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत हेच रुग्णालय शहराच्या कामी आलं. त्या वेळी कायदा कोणता लागू होता? 1897 चा साथरोग कायदा, प्लेगच्या काळातलाच!

रुग्णालय राज्याकडे गेलं हे वाईटच झालं, असं आम्ही म्हणत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मोठी यंत्रणा लागते. पण लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, क्षयरोगाच्या गोळ्या, डासांची पैदास ही कामं घराजवळच व्हायला हवीत. उत्तनच्या कोळणीला साध्या तापासाठी बसने भाईंदर गाठावं लागलं, तर त्याला विकेंद्रीकरण कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. दवाखाने चालू होते, पण वॉर्डातल्या माणसाने ज्याला निवडून दिलं असा कोणी सभेत उभा राहून प्रश्न विचारत नव्हता.

कार्यालय जवळ आलं की सत्ता जवळ आली, असा आपला समज असतो. इतिहास तसं सांगत नाही. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे पैसा हवा, आणि त्याला जाब विचारणारं सभागृहही हवं. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या, तरच दवाखाना लोकांचा होतो. नाहीतर पाट्या बदलत राहतात आणि रांग तीच राहते.

तेव्हा उद्या आपल्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात गेलात, तर एवढं जरूर विचारा. इथल्या डॉक्टरांचा पगार कोण देतं, आणि औषध संपलं तर ते आणायचं कोण ठरवतं? या दोन उत्तरांत आजचा सगळा विषय आहे.