वनस्पतींच्या अधिवास-बदलाचे पूर्वानुमान (रत्नागिरीचे सडे)

एखादी वनस्पती आज जिथे वाढते तिथले तापमान, पाऊस आणि माती पाहून तिला काय मानवते ते ठरवायचे आणि पुढच्या काळात तशी परिस्थिती कुठे उरेल याचा नकाशा काढायचा, ही या अभ्यासाची रीत. २००६ साली मांडलेली ‘मॅक्सएंट’ ही संगणकीय पद्धत यासाठी जगभर वापरतात. वनस्पती आढळल्याच्या नोंदी तिला पुरतात. ‘इथे नाही’ अशा नोंदी लागत नाहीत. हवामानाचे १९ निर्देशक ‘वर्ल्डक्लिम’सारख्या संचातून साधारण एक किलोमीटरच्या चौकटींत घेतले जातात.

रत्नागिरीत या पद्धतीची खरी कसोटी लागते ती सड्यांवर. जांभ्याचा हा उघडा कातळ उन्हाळ्यात भाजून निघतो आणि पाऊस सुरू झाला की काही दिवसांत हिरवा होतो. खाचेतल्या मूठभर मातीत दबलेला दीपकाडीचा कंद पहिल्या सरींनी जागा होतो आणि पांढरी फुले उमलतात. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे परिसरातला तिचा बहर प्रसिद्ध आहे. मागाहून ओलसर जागी गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. जिल्ह्याचे नाव लाभलेली ‘एरिओकॉलॉन रत्नागिरीकम’ ही गेंदाचीच एक जात.

एक किलोमीटरच्या चौकटीत कातळ, डबके, उतार, कलमांची बाग असे सगळे एकत्र येते. किनाऱ्याचे हवामान बरेचसे सारखे, म्हणून निव्वळ हवामानावर बेतलेला नकाशा जवळपास अख्खे कोकण दीपकाडीला योग्य ठरवू शकतो. कातळ आणि मातीची खोली यांचे नकाशे जोडल्याशिवाय अशा पूर्वानुमानावर भिस्त ठेवू नये. पहिला पाऊस कधी पडतो, हेही त्या १९ निर्देशकांत येत नाही. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर अनेकदा नुसते ‘कोकण’ लिहिलेले असते. अशा नोंदींवरून नेमकी चौकट ठरत नाही.

उष्णता वाढली की वनस्पती उंचीकडे सरकतात, असा सर्वसाधारण अंदाज. पण इथे पश्चिमेला समुद्र आहे. उंचावरचा जांभा म्हणावा तर कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर, सह्याद्रीत. मधल्या रानात सड्याच्या कंदाला आसरा नाही. म्हणून नकाशात रंगलेली जागा वनस्पतीला गाठता येईलच असे नाही.

शिवाय आंबा-काजूसाठी सुरुंग लावून खड्डे काढले जातात, बाहेरची माती भरली जाते, चिऱ्याच्या खाणी वाढतात. महसुली दप्तरात सडा बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन असतो, त्यामुळे तिथे काय उगवते याची दखल घेतली जात नाही. म्हणून ‘मॅक्सएंट’ला ‘नाही’च्या नोंदी लागत नसल्या तरी, जून-जुलैमध्ये सडे पायी फिरून ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन्ही नोंदी अक्षांश-रेखांशांसह घेणे, हे इथल्या पूर्वानुमानाचे पहिले काम होय.